प्रवाळाला प्रकाश किती द्यावा?



या स्मृतिव्याख्यानासाठी शाळेने मला पाचारण केले, याबद्दल मी ऋणी आहे. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञान शिकवताना ‘किती?’ हा प्रश्न विचारल्यावाचून विद्यार्थ्याला पुढे जाऊ देत नसत. ‘पाणी गरम झाले’ एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. किती अंश, हे सांगावे लागे. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी असा विषय निवडला आहे की ज्यात ‘किती?’ हा एकच प्रश्न जीव वाचवतो आणि तो न विचारल्यास जीव जातो. घरातील काचेच्या पेटीत समुद्राचे पाणी ठेवून प्रवाळ जगवणारे हौशी लोक आज जगभर आहेत. त्या प्रवाळांवर प्रकाश किती पाडावा, हा तो विषय.

हळर्णच्या श्रोत्यांना हा विषय दूरचा वाटेल. येथून समुद्र दिसत नाही आणि गावात कोणाच्या घरी प्रवाळाची पेटी असेल असेही नाही. परंतु आपल्या किल्ल्यापाशी वाहणारी शापोरा नदी मोरजीजवळ समुद्राला मिळते, आणि गोव्याच्या व शेजारच्या सिंधुदुर्गाच्या समुद्रात प्रवाळ आहेत. पेटीतल्या प्रवाळाविषयी जे कळते, ते समुद्रातल्या प्रवाळालाही लागू पडते. तेव्हा आधी पेटीकडे जाऊ आणि तिच्या वाटेने समुद्राकडे येऊ.

प्रवाळ आणि त्याचा भाडेकरू

आपल्याकडे ‘पोवळे’ म्हटले की अंगठीतला तांबडा खडा डोळ्यांपुढे येतो. तो ज्याच्यापासून होतो, ते पोवळे खोल पाण्यात वाढते आणि त्याला प्रकाशाची गरज नसते. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, ते उथळ, उबदार पाण्यातले भित्तीकारक प्रवाळ. ही झाडे नव्हेत आणि दगडही नव्हेत. ते समुद्रपुष्पाच्या कुळातले अगदी लहान प्राणी होत. प्रत्येकाला एक तोंड, भोवती स्पर्शिकांचे कडे, आणि खाली त्याने स्वतः रचलेली चुनखडीची बैठक. असे हजारो जीव एकमेकांना चिकटून वाढतात, तेव्हा आपल्याला दिसतो तो प्रवाळाचा गड्डा किंवा त्याची फांदी तयार होते.

या प्राण्याच्या पेशींत ‘झूझँथेली’ नावाचे सूक्ष्म, तपकिरी रंगाचे एकपेशीय शैवाल वस्तीला असते. प्रवाळाच्या एका चौरस सेंटिमीटरात त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात जाते. प्रवाळ त्यांना सुरक्षित जागा, कर्बवायू आणि आपल्या उत्सर्जनातील नत्र देतो. शैवाल प्रकाशसंश्लेषण करून साखर व इतर पोषक द्रव्ये तयार करते आणि त्यांतला मोठा वाटा घरमालकाला देते. स्वच्छ, उजेडाच्या पाण्यातल्या काही प्रवाळांची ऊर्जेची नव्वद टक्के गरज याच भाड्यातून भागते. चुनखडीचा सांगाडा वेगाने उभारण्याचे सामर्थ्यही त्यातूनच येते.

१९२८-२९ साली मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शास्त्रज्ञांची एक मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर गेली होती. त्यांनी काही प्रवाळ प्रकाश न शिरणाऱ्या पेटीत ठेवले. अंधारात प्रवाळांतील शैवाल नाहीसे झाले, प्रवाळ फिके पडले. तरी ते लगेच मेले नाहीत, कारण ते प्राणी असल्याने तोंडाने अन्नही घेऊ शकतात. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. शैवालाला प्रकाश हवा. आणि प्रवाळ केवळ प्रकाशावर जगत नाही. या दोन गोष्टी पुढे आपल्या उपयोगी पडणार आहेत.

प्रकाश मोजायचा कशाने?

दिवा घेताना आपण वॅट विचारतो. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो त्याचे माप. तो प्रकाश किती देतो याचे नव्हे. छायाचित्रकार आणि वीजतंत्रज्ञ ‘लक्स’ हे माप वापरतात. पण लक्स माणसाच्या डोळ्याला किती उजेड वाटतो ते सांगते. आपला डोळा हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील आहे, निळ्याला फार कमी. शैवालाचे रंगद्रव्य मात्र निळा प्रकाश आवडीने शोषते. प्रवाळपेटीवरचे आधुनिक एलईडी दिवे बव्हंशी निळे असतात. म्हणून लक्समापक त्यांच्याखाली अगदी कमी आकडा दाखवतो आणि माणूस फसतो. डोळ्याला अंधुक वाटणाऱ्या निळ्या प्रकाशातही प्रवाळ भाजून निघू शकतो.

वनस्पती आणि शैवाल साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. या पट्ट्यातले किती प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, दर सेकंदाला दर चौरस मीटरवर पडतात ते मोजणे, हे खरे माप. त्याचे एकक ‘मायक्रोमोल’. व्यवहारात या मापाला ‘पार’ म्हणतात. मीही येथे तोच शब्द वापरतो: पार २०० म्हणजे दर सेकंदाला दर चौरस मीटरवर २०० मायक्रोमोल उपयुक्त फोटॉन.

मनात एक मापदंड ठेवावा. उष्ण कटिबंधात निरभ्र दुपारी डोक्यावरच्या सूर्याचा प्रकाश पार २००० च्या आसपास असतो. सूर्यप्रकाशापुरते लक्सला ५४ ने भागले असता पार मिळते. भर दुपारचे एक लाख आठ हजार लक्स म्हणजे पार २०००. हा भागाकार फक्त उन्हाला चालतो, निळ्या दिव्याला नव्हे. दिव्यासाठी पाण्यात बुडणारा पारमापक लागतो. तो महाग असतो. पण हौशी मंडळांत एकाचा मापक दहा जण वापरतात, आणि तेच शहाणपणाचे आहे.

समुद्रात प्रकाश किती पोचतो?

आकाशातून पार २००० पडतो, म्हणून पेटीतही तेवढा द्यावा, असे कोणी म्हणेल. पण प्रवाळ पाण्याखाली असतो आणि पाणी प्रकाश खाते. तांबडा प्रकाश सर्वांत आधी संपतो. अगदी शुद्ध पाण्यातही पाच मीटरवर गडद तांबड्याचा सुमारे दहावा हिस्सा उरतो. निळा सर्वांत खोल जातो. पाण्यात गाळ आणि तरंगते सूक्ष्मजीव असतील, तर सर्वच रंग लवकर विझतात.

हे मोजण्याची एक साधी युक्ती इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेकी यांनी १८६५ साली पोपच्या जहाजावरून वापरून दाखवली. पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची. १९२९ साली पूल आणि अ‍ॅटकिन्स यांनी या खोलीवरून प्रकाश किती वेगाने घटतो ते काढण्याचा ठोकताळा दिला: १.७ ला सेकी-खोलीने भागावे. येणारा आकडा म्हणजे त्या पाण्याचा ‘ऱ्हासांक’.

आता उदाहरणे घेऊ. पृष्ठभागावर पार २००० धरू आणि प्रवाळ पाच मीटर खोलीवर आहे असे मानू. तबकडी १० मीटरपर्यंत दिसत असेल, तर ऱ्हासांक ०.१७ येतो, प्रत्येक मीटरला सुमारे ८४ टक्के प्रकाश पुढे जातो आणि पाच मीटरवर ४३ टक्के, म्हणजे पार ८५० च्या आसपास उरतो. तबकडी ३ मीटरवरच दिसेनाशी झाली, तर प्रत्येक मीटरला जेमतेम ५७ टक्के प्रकाश पुढे जातो आणि पाच मीटरवर सहा टक्क्यांहून कमी, म्हणजे पार ११८ उरतो. आणि पावसाळी गढूळ पाण्यात ती एक मीटरवर नाहीशी झाली, तर पाच मीटरवर पार अर्ध्यावरही येत नाही. तो जवळजवळ अंधारच. सूर्य तोच, खोली तीच. पण पाण्याने २००० चे ८५०, ११८ किंवा शून्य केले.

म्हणूनच ‘प्रवाळाला प्रकाश किती लागतो?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणत्या पाण्यातला प्रवाळ, हे आधी विचारावे लागते.

आपल्या किनाऱ्यावरचे प्रवाळ

गोव्याला प्रवाळ आहेत हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुरगावजवळच्या ग्रँड बेटाभोवती खडकांवर टर्बिनेरिया, पोराइटिस, गोनिओपोरा इत्यादी प्रवाळ वाढतात. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली. तेथील कासिम व वाफर यांनी १९७९ साली पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ आढळल्याची नोंद प्रसिद्ध केली. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रातही प्रवाळ आहेत; तेथील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर, भर समुद्रात, आंग्रिया बँक नावाचा बुडालेला उंचवटा आहे. कान्होजी आंग्र्यांचे नाव त्याला मिळाले आहे. तेथे किनाऱ्याचा गाळ पोचत नाही, पाणी स्वच्छ असते, आणि वीस-पंचवीस मीटर खोलीवरही प्रवाळांना पुरेसा प्रकाश मिळतो.

ग्रँड बेट आणि मालवण येथील प्रवाळांची गोष्ट निराळी. ते गढूळ पाण्यातले रहिवासी. पावसाळ्यात नद्यांचा गाळ, आकाशात ढग आणि उसळता समुद्र, असे चार महिने त्यांना अंधुक प्रकाशात काढावे लागतात. या काळात ते पाण्यातले सूक्ष्मजीव पकडून खातात आणि अंगावर बसलेला गाळ श्लेष्म सोडून झटकतात. टर्बिनेरियासारखे पसरट प्रवाळ कमी प्रकाशात तग धरतात ते अशा सवयींमुळे. मे महिन्यातल्या उन्हाळी दिव्याखाली अशा प्रवाळाला एकाएकी ठेवले, तर त्याच्यावर उपकार होत नाहीत, अन्याय होतो.

जास्त प्रकाशाने अपाय कसा होतो?

शैवालाची प्रकाश पचवण्याची एक मर्यादा असते. मंद प्रकाश वाढवत गेले की प्रकाशसंश्लेषणही वाढते. पण एका पातळीनंतर ते थांबते. कितीही प्रकाश पाडला तरी साखर अधिक तयार होत नाही. बहुतेक उथळ प्रवाळांत ही पातळी साधारण पार २०० ते ४०० च्या दरम्यान येते, अंधाराला सरावलेल्यांत तिच्याही खाली. यापुढचा प्रकाश वाया जातो, आणि वाया जाताना त्रास देतो. न वापरलेल्या ऊर्जेतून प्राणवायूची अत्यंत दाहक रूपे पेशीत तयार होतात. ती शैवालाची यंत्रणा मोडतात आणि प्रवाळाच्या पेशींनाही इजा करतात. मग प्रवाळ शैवाल बाहेर टाकतो. शैवाल गेले की रंग जातो, पारदर्शक कातडीखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात.

उष्णता वाढली की ही मर्यादा आणखी खाली येते. २६ अंशांवर जो प्रकाश निर्धास्तपणे पचतो, तोच ३१ अंशांवर घातक ठरू शकतो. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी समुद्र तापल्यामुळे जगभर प्रवाळ पांढरे पडले, आणि २०२४ साली चौथे जागतिक विरंजन जाहीर झाले. त्या घटनांत मुख्य अपराधी उष्णता होती. पण प्रखर सूर्य तिचा साथीदार होता. म्हणून एकाच प्रवाळाची वरची, उन्हातली बाजू आधी पांढरी पडते आणि खालची, सावलीतली बाजू अनेकदा वाचते.

एका पेटीचा अनुभव

माझा पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेत न्यू जर्सीत राहतो. तेथे पेटीतच वाढवलेल्या प्रवाळांची रोपे विकत मिळतात. त्याने ६० सेंटिमीटर खोलीची पेटी मांडली आणि नवा एलईडी दिवा आणला. मी त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्याने फांद्यांचा एक प्रवाळ आणून पेटीत वरच्या बाजूला ठेवला. दिवा शंभर टक्क्यांवर होता, कारण तसा तो सुंदर दिसे. दहा दिवसांत प्रवाळाच्या फांद्यांची वरची बाजू पांढरी पडली. खालची बाजू तपकिरीच राहिली. पुतण्याला वाटले, पाण्यात काही दोष आहे. त्याने पाण्याची क्षारता, नत्राचे प्रमाण, तापमान, सगळे तपासले. सगळे ठीक होते.

शेजारच्या हौशी मंडळातून आम्ही पारमापक मागून आणला. प्रवाळाच्या जागी पार ३४० निघाला. मग ज्या दुकानातून प्रवाळ घेतला होता, तेथे चौकशी केली. तेथील पेटीत त्याच्यावर पार ९० पडत असे. म्हणजे एका रात्रीत त्या जीवावर जवळजवळ चौपट प्रकाश आला होता. प्रवाळ पेटीच्या तळाशी, कोपऱ्यात, पार ८५ च्या जागी हलवला. साधारण तीन महिन्यांत त्याचा रंग परत आला.

यातून शिकण्यासारखे एवढेच, की ‘शंभर टक्के’ हा आकडा दिव्याचा असतो. प्रवाळावर किती पडतो, हे तो सांगत नाही. एका दिव्याचे चाळीस टक्के दुसऱ्याच्या शंभरांहून अधिक असू शकतात. दिवा किती उंच टांगला आहे, त्यावर भिंग आहे की नाही, काचेवर मिठाचा थर बसला आहे का, पाणी पिवळसर झाले आहे का, यांवर सगळे अवलंबून असते. साठ सेंटिमीटरच्या पेटीत स्वच्छ पाणी प्रकाश फारसा खात नाही; घट होते ती मुख्यतः अंतरामुळे आणि प्रकाश बाजूंना पसरल्यामुळे. म्हणून पेटीच्या मधोमध आणि कोपऱ्यात दुपटीहून अधिक फरक निघतो.

प्रकाश ठरवण्याची रीत

ही रीत चार पायऱ्यांत सांगता येईल.

पहिली पायरी मोजणीची. पेटीत पाणी फिरत असताना, दिवा रोजच्यासारखा चालू ठेवून, वरच्या, मधल्या आणि तळाच्या पातळीवर प्रत्येकी नऊ ठिकाणी पार मोजावा. लाटांमुळे आकडा नाचतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट थांबून सरासरी घ्यावी. सत्तावीस आकड्यांचा हा नकाशा वहीत काढून ठेवावा. पुढे प्रवाळ कोठे ठेवायचा ते या नकाशावर पाहूनच ठरवावे.

दुसरी पायरी निवडीची. अनुभवी लोकांच्या व्यवहारात साधारण असे आकडे रूढ आहेत: छत्रीसारखे व मऊ प्रवाळ पार ५० ते १००, मोठ्या, मांसल तोंडांचे दगडी प्रवाळ पार ७५ ते १५०, अ‍ॅक्रोपोरासारखे फांद्यांचे प्रवाळ पार २०० ते ३५०. हे दिशादर्शक आकडे आहेत, आज्ञा नव्हेत. एकाच जातीचा उथळातला आणि खोलातला प्रवाळ वेगवेगळी मागणी करतो.

तिसरी पायरी सरावाची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. नवा प्रवाळ आधी ज्या प्रकाशात होता तो आकडा विचारून घ्यावा आणि त्याच आकड्याच्या, किंवा थोड्या कमी आकड्याच्या जागी तो ठेवावा. आकडा कळला नाही, तर तळाशी, मंद जागी ठेवणे सुरक्षित. मग आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करू नये. पार ८० वरून सुरुवात केली, तर दर आठवड्याला दहा टक्के या हिशेबाने दुप्पट व्हायला सुमारे सात आठवडे लागतात. या काळात शैवाल आपल्या रंगद्रव्याचे प्रमाण बदलते आणि प्रवाळ संरक्षक रंग तयार करतो. या कामाला त्याला आठवडे लागतात, तास नव्हेत. कमी प्रकाशाकडे जाताना मात्र धोका कमी असतो. प्रकाश एकदम कमी केल्याने प्रवाळ काही दिवसांत मरत नाही. एकदम वाढवल्याने मरू शकतो. शंका असेल तेव्हा प्रकाश कमी करण्याच्या बाजूने चुकावे.

चौथी पायरी दिवसाच्या हिशेबाची. तीव्रता आणि तास यांचा गुणाकार हा प्रवाळाचा रोजचा शिधा. पार २०० रोज दहा तास दिला, तर दिवसाला दर चौरस मीटरवर ७.२ मोल फोटॉन पडतात. पार १२० दहा तास दिला तर ४.३. तीव्रता कमी ठेवून तास वाढवण्याचा मार्ग काही अंशी चालतो, पण रात्र हवीच. आठ ते दहा तास पूर्ण प्रकाश, सकाळ-संध्याकाळ मंद निळा, आणि बाकी अंधार, ही व्यवस्था बहुतेकांना पुरते. दिव्याला वेळमापक जोडावा, म्हणजे घरच्यांच्या आठवणीवर सूर्योदय अवलंबून राहत नाही.

यानंतर डोळे उघडे ठेवावेत. प्रवाळ फिका पडू लागला, स्पर्शिका दिवसभर आखडून राहिल्या, वरची बाजू आधी बिघडली, तर प्रकाश जास्त झाला आहे. रंग काळपट तपकिरी झाला, फांद्या दिव्याकडे लांब, काटकुळ्या वाढू लागल्या, तर प्रकाश कमी पडतो आहे. शैवालाने कमी प्रकाश भरून काढण्यासाठी रंगद्रव्य वाढवले आहे. पाण्याचे तापमान २८ अंशांच्या वर गेले, तर प्रकाश दोन-तीन दिवस एक-तृतीयांशाने उतरवावा. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात वीज गेली आणि पेटी तापली, तर हे आधी करावे. बाकी उपाय मागाहून.

कायद्याची गोष्ट

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. २००१ साली सर्व भित्तीकारक दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले, ज्या परिशिष्टात वाघ आहे. आपल्या समुद्रातून प्रवाळाचा जिवंत तुकडा तोडणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. दगडी प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही साइटिस कराराचे नियंत्रण आहे. मालवणला गेलेल्या कोणी खडकावरचा तुकडा आठवण म्हणून खिशात घालून आणू नये, आणि कोणी विकायला आणला तर घेऊ नये. हौस असेल तर पेटीत मासे ठेवावेत. प्रवाळ पाहायचे तर समुद्रात जाऊन पाहावेत.

मग आपल्याला या सगळ्या आकड्यांचा उपयोग काय? उपयोग असा, की आपल्या हाती एक फार मोठी पेटी आहे आणि तिचा दिवा कमी-जास्त करण्याची चावी आपल्यापाशी आहे.

नदीच्या काठी बसून दिवा मंद करणे

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत. डोंगरउतारावर झाडे असली की पाणी मुरत, अडत खाली येते आणि माती उतारावरच राहते. उतार उघडा पडला, मग तो रस्त्यासाठी असो, बांधकामासाठी असो की खाणीसाठी, की तीच माती ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात जाते. शापोऱ्याचे पाणी तांबडे झाले की आपण म्हणतो, पूर आला. समुद्रातला प्रवाळ म्हणत असेल, दिवा गेला.

चार महिने अंधाराची त्याला सवय आहे. पण गढूळपणा दिवाळीनंतरही टिकला, म्हणजे उरलेल्या आठ महिन्यांत सेकीची तबकडी पाच मीटरऐवजी तीन मीटरवरच दिसेनाशी होऊ लागली, तर पाच मीटर खोलीवरचा प्रकाश पार ३६५ वरून ११८ वर येतो. म्हणजे एक-तृतीयांशाहूनही कमी. पेटीतला प्रकाश असा उतरवला तर रंग काळवंडतो, वाढ थांबते. समुद्रातही तेच होते, फरक एवढाच की तेथे चूक ध्यानात आल्यावर दिवा परत चढवायला कोणी नसते. एकीकडे समुद्र तापतो आहे आणि तो थंड करणे आपल्या गावाच्या हाती नाही. दुसरीकडे पाणी गढूळ होते आहे. ते रोखणे मात्र काही अंशी आपल्या हाती आहे.

म्हणून शाळेपुढे एक छोटी सूचना ठेवतो. वीस सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची एक तबकडी शाळेच्या कार्यशाळेत तयार करावी. गाठी मारलेली दोरी तिला बांधावी. महिन्यातून एकदा, शिक्षकांच्या देखरेखीखाली, विद्यार्थ्यांनी शापोऱ्याच्या पुलावरून ती पाण्यात सोडावी आणि खोली वहीत लिहावी. भरती-ओहोटीची वेळ आणि आदल्या दिवशीचा पाऊसही लिहावा. दहा वर्षांच्या नोंदी झाल्या, तर आपल्या नदीचे पाणी कधी, किती आणि का गढूळ होते, हे हळर्णचे विद्यार्थी आकड्यांनी सांगू शकतील. माजी विद्यार्थ्यांपैकी जे शहरांत वा परदेशांत आहेत, त्यांनी या नोंदींसाठी एक साधा पारमापक शाळेला दिला, तर त्या अधिक मोलाच्या होतील.

‘समुद्र बिघडत चालला आहे’ असे आपण सारेच म्हणतो. ते खोटे नाही. पण किती बिघडला, हे सांगता आले तरच तो कसा सावरायचा ते ठरवता येते. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांना हेच उत्तर आवडले असते.